पंच्याहत्तरवर टक

"ताई, टक वाजलं म्हंजे देवानं कौल देला असं नसते. टक झाल्यावर बी एक डाव हाताले इचारा लागते."

बाबनराव हे बोलले तेव्हा लतिका एका लेबलवर आकडा लिहीत होती आणि तिने मान वर केली नव्हती. "काका, हातालाच विचारायचं होतं तर हा पाना मागवला कशाला?" एवढंच ती म्हणाली. हसून म्हणाली, पण त्या हसण्यात तिची फर्स्ट क्लासमधली बी.एस्सी. होती आणि बाबनरावांना ती बरोबर दिसली. ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली शिरले.

गॅरेज लतिकाच्या नवऱ्याचं, धर्मेंद्रचं. बेसा चौकातून आत वळून नव्या फ्लॅट स्कीमच्या मागच्या बाजूला गेलं की पत्र्याचं शेड लागतं, तेच. आत दोन गाड्या मावतात, बाहेर कडुनिंबाखाली चार. बाबनराव तिथले मिस्त्री. हिंगण्याच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. कारखान्याला कुलूप लागलं तशी धर्मेंद्रने त्यांना बोलावून घेतलं आणि शेडमागची खोली राहायला दिली. बायको वारलेली, मूलबाळ नाही, सावनेरला एक थोरली बहीण. बेसा-मानेवाड्याच्या कुठल्याही गॅरेजात एखादा बोल्ट अडला, घासला, तुटून आत राहिला की लोक म्हणायचे, बाबनरावले बोलवा. एवढीच त्यांची इस्टेट. बाकी दोन पँटी, एक ट्रान्झिस्टर आणि चहात बुडवायचे टोस्ट.

लतिका काउंटरवर बसायला लागली ती गार्गी नर्सरीत गेल्यापासून. घरात रिकामं बसलं की तिच्या डोक्यात नको ते यायचं. गार्गी व्हॅनमधून उतरताना पाय अडकला तर? पाण्याच्या बाटलीचं झाकण गिळलं तर? व्हॅनमध्ये किती मुलं चढली आणि किती उतरली हे ती गॅलरीतून रोज मोजायची. धर्मेंद्र म्हणाला, "घरी बसून डोकं खाऊन घेऊन राहिली स्वतःचं. त्यापेक्षा काउंटर सांभाळ." तिने सांभाळलं, आणि चांगलं सांभाळलं. कोणत्या गाडीचं काय काम झालं, कोणता पार्ट कधी बदलला, सगळं कागदावर आलं. गिऱ्हाईकांशी ती कॉलेजातलं मराठी बोलायची आणि गिऱ्हाईकांना ते आवडायचं.

आकड्याचं वेड शिरलं ते एका चाकामुळे. एका डॉक्टरीणबाईंची गाडी वर्धा रोडवर पंक्चर झाली आणि चाकाचे नट काही केल्या उघडेनात. दोन ट्रकवाल्यांनी पान्यावर पाय देऊन उघडले. नट बाबनरावांनी हातानेच आवळलेले. बाईंनी इंटरनेटवर गॅरेजला एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, अंदाजपंचे काम. लतिकाला तो शब्द लागला. आठवडाभरात टॉर्क पाना आला. मुठीवर आकडा फिरवून लावायचा, बोल्ट तेवढा आवळला गेला की पाना आतून टक वाजतो, मग थांबायचं. कमी नाही, जास्त नाही. लतिकाने भिंतीवर लाल रंगात लिहून घेतलं: टक झालं, थांबा.

तिला वाटलं होतं, म्हातारा रुसेल. तसं काही झालं नाही. बाबनरावांनी तो पाना दोन दिवस नुसता हातात घेऊन पाहिला. संध्याकाळी काम संपलं की ते त्याचा आकडा अगदी खाली उतरवून ठेवायचे. "दिवसभर स्प्रिंग ताणून धरली बिचाऱ्यानं. आता सोडा त्याले. माणूस बी असा रातभर ताणून ठेवला तर सकायी कामाचा राहत नाही." धर्मेंद्र हसायचा, "काका, त्याले चादर पांघरा."

मग आला तो पुढच्या चाकामागचा बोल्ट. ब्रेक दाबला की चाकाची चकती आवळून धरणारा कॅलिपर ज्याच्यावर बसलेला असतो तो. काही गाड्यांत त्याच्या तोंडाशी एवढी अडचण, की टॉर्क पान्याचं जाड डोकं जातच नाही. बाबनरावांनी तोड काढली. बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखी बसते ती गोटी घेतली, अर्ध्यात कापून बुटकी केली, अर्ध्या वितीहून थोड्या मोठ्या जाड पट्टीच्या एका टोकाला वेल्डिंग केली आणि दुसऱ्या टोकाला पान्यासाठी चौकोनी भोक पाडलं. कानसून, तेल लावून अशी गुळगुळीत केली की विकतची वाटावी. पान्याला पट्टी, पट्टीला गोटी, आणि गोटी त्या सांदीत अलगद जाऊन बसली.

"फक्त एक हाय, ताई," ते म्हणाले. "पान्याचा हात लांब झाला. आता हा आकडा खोटा बोलन."

"खोटा नाही बोलणार. मी खरा करून देते."

तिने पट्टी मोजली. मुठीपासून पान्याच्या टोकापर्यंत छत्तीस सेंटिमीटर, पुढे पट्टीचे बारा, मिळून अठ्ठेचाळीस. हात लांब झाला तर जोर वाढतो, म्हणून आकडा कमी लावायचा. बोल्टला शंभर हवेत, तर पान्यावर पंच्याहत्तर. बारावीचंच गणित. तिने ते पट्टीवरच्या लेबलवर लिहिलं, वर पारदर्शक टेप चिकटवली, आणि कितीतरी वर्षांनी आपल्या शिक्षणाचा कोणाला तरी उपयोग झाला म्हणून तिला आतून बरं वाटलं. तेव्हाच बाबनरावांनी ते कौलाचं सांगितलं, आणि तेव्हाच तिने मान वर केली नाही.

खरं तर तिला हे कळायला हवं होतं. ती उमरेडच्या विणकरांची पोर. तिचे आजोबा ताण्यावर नुसतं बोट मारून सांगायचे, हा धागा दुपारपर्यंत तुटते. तुटायचाही. पण आजोबांचा माग कधीच मोडीत गेला होता, आणि त्या बोटाला मार्कशीट नव्हती.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात अश्विनची व्हॅन आली. गार्गीची व्हॅन. लतिकानेच आणायला लावली होती. "सात लेकरं बसतात, अश्विनभाऊ. ब्रेक नवे टाका आणि आमच्याकडेच टाका. सगळं आकड्यावर होईल." पालकांच्या ग्रुपवरही तिने तसं कळवलं होतं आणि ग्रुपवर वर केलेले अंगठे आले होते.

डाव्या चाकाशी बाबनराव बराच वेळ उकिडवे बसून होते. मग तिथूनच त्यांनी हाक मारली.

"ताई, इथं पट्टी सरळ नाही जाऊन राहिली. आडवा रॉड येते. मागं दुमडून लावतो, म्हंजे उलटी फिरवून, मुठीकडे तोंड करून. आकडा तोच ठेवू का?"

लतिका फोनवर होती. पलीकडे अपेक्षा, व्हॅनमधल्याच अपूर्वची आई, विचारत होती की व्हॅनमध्ये सीटबेल्ट बसवता येतील का. लतिकाने फोनवर हात ठेवला. "तोच, काका. लिहिलाय ना."

थोड्या वेळाने पाना टक वाजला. पुन्हा आवाज आला, "हाताले ढिला लागून राहिला, ताई. पाव फेरा देऊ का वरून?"

"नाही, काका. टक झालं की थांबायचं. तुम्हीच असं करायला लागलात तर मग झालंच." आणि फोनमध्ये, "हं, बोल गं. मी उभं राहून करून घेतेय सगळं."

"बरं," बाबनराव म्हणाले.

सप्टेंबरात, एका मंगळवारी, बेसा चौकाच्या अलीकडच्या गतिरोधकावर व्हॅनचं डावं चाक जागच्या जागी जाम झालं. कॅलिपरचा एक बोल्ट केव्हाच गळून पडला होता. दुसऱ्यावर लोंबकळणारा कॅलिपर फिरून चाकात अडकला, आणि व्हॅन डिव्हायडरवर चढली. शाळेच्या वाटेवर होती, सातही लेकरं आत. गार्गीच्या हनुवटीला तीन टाके पडले. अपूर्वचा हात कोपरात मोडला, आत स्टीलची पट्टी टाकावी लागली. बाकीच्यांवर खरचटण्यावर निभावलं. लोक म्हणाले, देव पावला. लतिकाला त्या दिवशी देवाचंही काही ऐकायचं नव्हतं.

दुपारी व्हॅन ओढून गॅरेजपुढे आणली तेव्हा कडुनिंबाखाली पंधरा-वीस माणसं जमली होती. अश्विन चाकामागे बोट घालून प्रत्येकाला दाखवत होता, "पाहा ना भाऊ, बोल्टच नाही! मी काय करू? मी तर इथंच ब्रेक टाकले होते." अपेक्षा दवाखान्यातून तशीच आली होती. तिच्या ओढणीवर मुलाचं रक्त वाळलं होतं. लतिका गार्गीला कडेवर घेऊन गर्दीतून पुढे आली. तिचं कॉलेजातलं मराठी केव्हाच गळालं होतं.

"कोनं कसून देला हा बोल्ट? काहून असा कसला? कोनं?"

"म्या कसला," बाबनराव म्हणाले.

ते शेडच्या खांबाला टेकून उभे होते, हातात पुसायचं फडकं.

"कसला म्हणून सांगता वरून? लाज नाही वाटत?" एक बाप्या अंगावर धावला. धर्मेंद्रने त्याला अडवलं आणि मग स्वतःच बाबनरावांवर ओरडला, "काका, पियून होते का त्या दिवशी?"

ते पीत नव्हते. धर्मेंद्रला हे ठाऊक होतं, सगळ्या बेशाला ठाऊक होतं. पण वाक्य बाहेर पडलं आणि वीस माणसांनी ते झेललं.

"आकड्यावर कसला," बाबनराव म्हणाले. मग त्यांनी लतिकाकडे पाहिलं. "ताईले इचारा."

लतिकाला तेव्हा खरंच आठवलं नाही. तिच्या खांद्यावर गार्गीची लाळ आणि रक्त होतं, कानात हुंदके होते. जूनमधला तो फोन, ती हाक, दुमडलेली पट्टी, यांतलं काही म्हणजे काही त्या क्षणी तिच्याजवळ नव्हतं. "मले काय इचारता?" ती किंचाळली. "आकडा तर लिहिलेला होता! माहं लेकरू होतं त्यात, काका! माहं लेकरू!"

बाबनरावांची दोन वाक्यं पुरली असती. ते बोलले नाहीत. गार्गीकडे पाहून त्यांनी हात पुढे केला, लतिकाने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

संध्याकाळच्या आत खोली रिकामी झाली. जाताना ते लतिकाच्या टेबलावर किल्ली ठेवून गेले. ग्रुपवर काय टाकायचं ते धर्मेंद्रला सुचेना, म्हणून लतिकानेच लिहून दिलं: "घडल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. निष्काळजीपणा करणाऱ्या कामगारास तात्काळ कामावरून कमी करण्यात आले आहे." शुद्धलेखन बिनचूक. कोणीतरी खाली बाबनरावांचा फोटो जोडला, गेल्या दसऱ्याच्या पूजेतला, कपाळाला कुंकू लावलेला, आणि तो फोटो मजकुरासकट पाय फुटल्यासारखा बेशातून मानेवाड्याला, मानेवाड्यातून हिंगण्याला गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी धर्मेंद्र नवे बोल्ट आणायला गेला होता. व्हॅन जॅकवर होती. गार्गी स्टुलावर बसून बिस्किट चोखत होती, कारण चावलं की टाके ओढायचे. लतिकाच्या मनात कुठलाही संशय नव्हता. तिला फक्त त्या जागेकडे बघायचं होतं, जिभेने दुखरा दात चाचपावा तसं. तिने पाना घेतला, पट्टी लावली आणि गोटी उरलेल्या बोल्टवर बसवायला गेली. आडवा रॉड आला. तिरकी घातली, रॉड आला. खालून घातली, तरी आला. मग तिने पट्टी मागे, मुठीकडे दुमडली, आणि गोटी टचकन जाऊन बसली.

दुमडलेल्या पट्टीकडे ती बघत राहिली. मग तिच्या कानात ती हाक आली, शब्दाला शब्द.

पट्टी पुढे असली तर हात लांब होतो. मागे दुमडली तर आखूड होतो. छत्तिसातून बारा गेले, चोवीस राहिले. पान्यावर पंच्याहत्तर लावले तर बोल्टपर्यंत पोचले पन्नास. शंभराच्या जागी पन्नास! निम्मा बोल्ट आवळून तिने सात लेकरं त्यावर बसवली होती, आणि ज्याच्या हाताला ते कळलं होतं त्याला तिने थांबवलं होतं.

"आई, उलटी येते का तुला?" गार्गीने विचारलं.

धर्मेंद्र आला तेव्हा तिने त्याला तिथेच, व्हॅनशेजारी उभं करून सगळं सांगितलं. पट्टी पुढे, पट्टी मागे, करून दाखवलं. तो समजायला हुशार होता. समजला आणि लगेच शेडबाहेर कोणी आहे का ते बघून आला.

"कोनाले बोलली नाही ना?"

"नाही."

"मग बोलू नको."

"अहो, पण काकांनी विचारलं होतं मला. दोनदा."

"मग त्यायनं तेव्हाच सांगाचं ना, सगळ्याइच्यासमोर! गप काहून राहिले?" त्याचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "पाह्य वं, काका एकटा जीव हाय. कुठंबी दोन पोया भेटतीन त्याइले. आपलं गॅरेज बंद पडलं तर? आन् लोक काय म्हणतीन, मालकिणीनंच पोट्टे पाडले? ते अपेक्षा तुले उभी राहू देईन का शाळेच्या गेटवर?"

लतिका गप्प राहिली. गप्प राहायला तिला फार जोर लावावा लागला नाही, हे तिच्या लक्षात आलं.

दोन आठवड्यांनी काउंटरवरचा फोन वाजला. मानेवाड्याचा एक गॅरेजवाला होता.

"वहिनी, ते बाबनराव तुमच्याइथलेच ना? काम मागून राहिले. फोटो आलता आमच्याकडे, पण हात चांगला हाय म्हणतात. ठेवू का? तुमचा शब्द सांगा, बस."

धर्मेंद्र समोरच उभा होता. फोनवर आवाज मोठा होता, त्याला सगळं ऐकू जात होतं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

एक शब्द लागत होता. ठेवा. "भाऊ," लतिका म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा."

"समजलो," पलीकडचा म्हणाला, आणि तो खरंच समजला. लतिकाने आयुष्यात केलेली सगळ्यात वाईट गोष्ट तीन सेकंदांची आहे. अपघातातली चूक तिला माहीत नव्हती. ही तिला माहीत होती.

दसरा झाला. गार्गीचे टाके निघाले, हनुवटीवर गुलाबी रेघ राहिली. एका दुपारी ती बाहुलीला आडवी टाकून तिच्या हनुवटीवर पेनाने रेघा मारत होती. "आई, बाबन आजोबांनी मला पाडलं का गं? अपूर्व म्हणतो, ते घाण आजोबा आहेत. त्यांना पोलीस नेणार."

"नाही," लतिका पटकन म्हणाली.

"मग कोणी पाडलं?"

पाच वर्षांच्या पोरीला उत्तर हवं होतं आणि ती पेन वर धरून वाट बघत होती. लतिका उठून आत गेली. मोरीशी उभी राहिली, बाहेर आली, फोन घेतला आणि उभ्या उभ्याच लिहिलं. या वेळी शुद्धलेखन बघितलं नाही. बोल्ट ढिला राहिला तो माझ्या आकड्यामुळे. पट्टी उलटी लावावी लागते हे बाबनरावांनी मला विचारलं होतं. हाताला ढिला लागतोय हेही सांगितलं होतं. मीच थांबवलं. त्यांची काही चूक नाही. सगळी माझी आहे. बोट मागे यायच्या आत तिने ते पाठवलं.

तिला वाटलं, आता आभाळ कोसळेल. शाळेच्या गेटवर तिला कोणी धरेल, अपेक्षा कानाखाली मारेल. एका परीने तिला ते हवंच होतं.

पहिलं उत्तर आलं ते हात जोडलेलं चित्र. मग दुसऱ्या एकीचं: "किती मोठं मन आहे तुझं लतिका. कामगाराची चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला काळीज लागतं." त्याला अकरा अंगठे. मग अपेक्षाचं, ज्याची ती वाट बघत होती: "लतिका, तू खूप टेन्शन घेतेस गं. बोल्ट कसणाऱ्याचं काम बोल्ट कसायचं असतं. तू कशाला दोष लावून घेतेस? अपूर्वचं प्लास्टर शुक्रवारी निघतंय." त्यानंतर कोणीतरी शाळेच्या गॅदरिंगच्या ड्रेसचा विषय काढला.

तिने पुन्हा लिहिलं, की नाही, खरंच माझी चूक आहे, गणित सांगते. गणित वाचायला कोणी थांबलं नाही. शिकलेली बाई आकड्यात चुकते आणि अडाणी मिस्त्री बरोबर असतो, हे त्या ग्रुपमध्ये कोणाला बसवताच येईना. बाबनरावांचा कुंकवाचा फोटो हिंगण्यापर्यंत गेला होता. तिची कबुली बेचाळीस जणांच्या ग्रुपातून पायरीसुद्धा उतरली नाही. तिने मानेवाड्याच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, आता तर दुसरा माणूस ठेवला. आन् बाबनराव तर गेले वाटते कुठं."

धर्मेंद्र आठवडाभर बोलला नाही. मग जेवताना एवढंच म्हणाला, "भेटलं काय तुले?" लतिकाला काही भेटलं नव्हतं. गिऱ्हाईक उलट वाढलं होतं. लोक आपसात म्हणत, मॅडम फार प्रामाणिक आहेत.

दिवाळीनंतरच्या सोमवारी ती गार्गीला घेऊन बसने सावनेरला गेली. बाबनरावांची बहीण रुखमाबाई दारातच तूर निवडत बसली होती. लतिकाने नाव सांगितलं. म्हातारीने सुपातून नजर काढली नाही.

"फोटोवाली का वं तू?"

"मावशी, मी माफी मागायला आले. काका आहेत का?"

"माफी आनली? कशात आनली, पिशवीत?" तिने एक खडा वेचून अंगणात फेकला. "इथं आला होता. पंधरा दिवस राह्यला. शेजारचा पंपाची मोटर घेऊन आला, म्हणे बाबनभाऊ, खोलून द्या. हात लावला नाही त्यानं. म्हणे, माह्या हातावर आता भरोसा नाही राह्यला. जिंदगीभर लोखंड खोललं त्यानं, आन् म्हणे हातावर भरोसा नाही!"

"आता कुठे आहेत?"

"मले काय माहीत? मंग कापसाच्या जिनिंगच्या गेटवर वॉचमनकी करून राहिला होता. दिवाळीले ये म्हटलं, आला नाही. फोन बंद. जिनिंगवाले म्हणतात, सोडून गेला." तिने पहिल्यांदाच वर पाहिलं, लतिकाकडे नाही, गार्गीच्या हनुवटीकडे. बराच वेळ. "हेच का ते पोरगी? दुखते का गं बाई?"

गार्गीने मान हलवली. म्हातारीने आतून गुळाचा खडा आणून तिच्या हातावर ठेवला आणि लतिकाला म्हणाली, "जा तू आता. तुह्या डोयात पाणी पाहून मी काय करू?"

जिनिंगच्या गेटवर नवा वॉचमन होता, त्याला काही माहीत नव्हतं. लतिकाने स्टँडवरच्या टायरवाल्यांना विचारलं, पेट्रोल पंपावर विचारलं, मोबाइलमधला फोटो दाखवला. फोटो तोच होता. तिच्याकडे त्यांचा दुसरा फोटो नव्हताच. एक टायरवाला म्हणाला, "हा तर तो व्हॅनवाला मिस्त्री ना?" आणि ती तिथून निघाली. त्यानंतर ती दोनदा जाऊन आली, खाप्यापर्यंत, कळमेश्वरपर्यंत. चौकीत नाव लिहून आली. पण ती दिसली की ते असतील तिथून उठून जातील अशी तिला भीती आहे, आणि ती बरोबर असावी.

म्हणून लतिका तुम्हाला विचारते आहे. तुमचं त्या बाजूला जाणं-येणं असेल, सावनेर, खापा, कळमेश्वर, पार छिंदवाडा रोडपर्यंत, तर एवढं करा. अठ्ठावन्न वर्षांचा उंच, वाकलेला माणूस, उजव्या अंगठ्याचं नख काळं, चहात टोस्ट बुडवून खातो. कुठल्या गेटवर, गोडाऊनवर, ढाब्याच्या मागे दिसला तर थांबा. लतिकाने पाठवलं असं सांगू नका. गाडीचं काम दाखवू नका. जेवले का विचारा, झोपायला जागा आहे का ते डोळ्यांनी बघा. ते "बरा हाय" म्हणतील, त्यांना तेवढंच म्हणता येतं. तरी जरा वेळ त्यांच्याजवळ बसा, आणि ते जिवंत आहेत एवढं रुखमाबाईला कळवा.